कान फुटल्यावर ठणका का थांबतो?

पौषातली रात्र. गडचिरोलीतल्या कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत कुठल्याही गावातलं, कुठलंही घर. चार दिवसांपासून पोराचं नाक गळतंय. दिवसभर ते अंगणात खेळलं, भात जेवलं, आणि अंथरुणाला पाठ टेकून तास झाला नाही तोच कान धरून किंचाळत उठलं. आजी चुलीतल्या निखाऱ्यावर पळी धरते. पळीत तेल, तेलात लसणाची पाकळी. आई त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते, कारण मांडीवर आडवं केलं की रडणं वाढतं. पहाटेच्या सुमारास ते रडणं अचानक थांबतं. सकाळी गोधडीवर हाताच्या पंजाएवढा पिवळसर, चिकट डाग दिसतो, आणि पोर मात्र अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत असतं.

घरचे म्हणतात, "कान फुटला. घाण निघून गेली. सुटला बिचारा."

या एका रात्रीत तीन कोडी आहेत. सर्दी नाकात होती, मग ठणका कानात कसा लागला? दिवसभर खेळणारं पोर रात्रीच का रडलं? आणि कानाच्या पडद्याला भोक पडणं ही तर मोठी इजा. मग इजा झाल्यावर दुखणं वाढायच्या ऐवजी थांबलं कसं? या तिन्हींची उत्तरं कानाच्या एका चिमुकल्या पोकळीत सापडतात. तिथे जंतूंचं विष आणि शरीराचे स्वतःचे इशारे यांची गाठ पडते. नुकसानही या दोघांकडून होतं, आणि त्यातला शरीराचा वाटा ऐकणाऱ्याला चकित करण्याइतका मोठा असतो.

नाकामागचं जंक्शन

चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड रेल्वेवाल्यांना ठाऊक आहे ते जंक्शन म्हणून. तिथून एक वाट गोंदियाकडे जाते, एक बल्लारशाकडे, एक नागपूरकडे. माणसाच्या डोक्यातही असंच एक जंक्शन आहे. नाकाच्या पोकळीच्या मागे, पडजिभेच्या वर. नाकातून येणारी वाट इथे संपते, खाली घसा आणि फुफ्फुसांची वाट सुरू होते, आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी कानाकडे जाते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिचं बारकाईनं वर्णन केलं, म्हणून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मराठीत कंठकर्णनलिका.

ही नळी जिथे उघडते ती जागा म्हणजे मध्यकर्ण. बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या भोकाच्या टोकाला पडदा असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. त्याच्या आतली हवेनं भरलेली खोली अर्धा चमचा पाण्यानंही भरून जाईल एवढीच. त्या खोलीत हातोडा, ऐरण आणि रिकीब ही शरीरातली सगळ्यात लहान तीन हाडं एकमेकांना टेकून बसलेली असतात. पडदा थरथरला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानाकडे पोचवतात. हे काम नीट व्हायचं तर खोलीत हवा हवी, आणि तिचा दाब बाहेरच्या हवेएवढा हवा. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा नळी क्षणभर उघडते आणि दाब सारखा करून परत मिटते. घाट उतरताना कान गच्च होतात आणि थुंकी गिळली की मोकळे होतात, ते याच नळीमुळे.

मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि चांगलीच उतरती असते. तान्ह्या मुलात ती जवळपास निम्मीच असते, आणि जवळजवळ आडवी. उतार नसलेल्या नालीत पाणी तुंबतं तसं मुलाच्या नळीत होतं. सर्दीत तिचं अस्तर सुजतं आणि तोंड बंद होतं. कोंडलेली हवा आतलं अस्तर हळूहळू शोषून घेतं, दाब कमी होतो, आणि पुढच्या वेळी नळी किंचित उघडली की जंक्शनवरचा शेंबूड आत ओढला जातो. शेंबडाबरोबर तिथले रहिवासीही जातात.

हे रहिवासी मुख्यतः तीन. न्युमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि मोराक्सेला. निरोगी मुलांच्या नाकामागेही ते महिनोन् महिने निमूट राहतात. त्यांना वाट करून देतो तो सर्दीचा विषाणू. अस्तरावरच्या पेशींना बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत एका दिशेनं झाडू मारल्यासारखे हलतात आणि घाण घशाकडे लोटतात. विषाणू या झाडूवाल्यांनाच आजारी पाडतो. विडी-सिगारेटचा धूर आणि चुलीचा धूरही त्यांना मंद करतो. ज्या घरात विडी ओढली जाते तिथल्या मुलांचे कान जास्त वेळा बिघडतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट, आईचं दूध पिणाऱ्या बाळांना या दुखण्यापासून बरंच संरक्षण मिळतं.

गडचिरोलीनं मोजलेले श्वास

जंक्शनवरून कानाकडे जाणारा न्युमोकोकस फुफ्फुसाकडेही जातो, आणि तिथे तो जीव घेतो. त्या वाटेवरच्या त्याच्या कहराला गावपातळीवर अडवून दाखवलं ते गडचिरोलीनं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1980 च्या दशकाच्या शेवटी जिल्ह्यातल्या 58 गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. तुलनेसाठी 44 गावं होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणीनं मिनिटाला पन्नास श्वास कसे मोजायचे? त्यासाठी मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांची एक चौकट तयार झाली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. न्यूमोनियाच्या 612 मुलांना गावातच औषध मिळालं. त्यांतली 0.8 टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण 13.5 टक्के होतं. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि पुढे अनेक देशांनी ही वाट धरली.

ज्याला गावात डब्बा म्हणतात तो फुफ्फुसाचा आजार आणि फुटलेला कान, ही दोन दुखणी घरात कुणी एकत्र जोडत नाही. एकात जीव जातो, दुसऱ्यात गोधडीवर डाग पडतो. पण बरेचदा दोन्हीकडे जंतू तोच, त्याचं विष तेच, आणि शरीराचं उत्तरही तेच.

मरताना विष सांडणारा जंतू

न्युमोकोकसच्या विषाचं नाव न्युमोलायसिन. बहुतेक जंतू आपलं विष जिवंतपणी बाहेर टाकतात. न्युमोकोकस ते मुख्यतः पोटात साठवून ठेवतो. त्याच्याकडे स्वतःचीच भिंत कापणारं एक विकर, म्हणजे रासायनिक कात्री, असते. गर्दी वाढली, अन्न संपत आलं की काही जंतू त्या कात्रीनं स्वतःला फोडून घेतात. पिशवी फाटते आणि विष आजूबाजूला सांडतं. काही जंतू मरतात, उरलेल्यांचं राज्य वाढतं.

सांडलेलं विष म्हणजे सुटे सुटे प्रथिनांचे कण. ते आपल्या पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतात. मग एकाशेजारी एक असे तीसपासून पन्नासपर्यंत कण गोल रांगेत जमतात आणि एक कडं तयार होतं. टोपली विणणारा बुरूड तिचा काठ बांबूच्या कामट्या वळवून बंद करतो तसं. कडं पुरं झालं की सगळे कण एकदम आकार बदलतात आणि पेशीच्या आवरणात घुसतात. आरपार भोक. रुंदी मिलिमीटरच्या साधारण चाळीस हजाराव्या भागाइतकी, पण पेशीच्या मानानं ते दारच. त्यातून कॅल्शियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर वाहतं.

पेशी लगेच मरतेच असं नाही. भोकं थोडी असतील तर ती फाटकं आवरण चिमटीत धरून तोडून टाकते आणि जागा सांधून घेते. भोकं फार झाली की ती फुटते. पण महत्त्वाची गोष्ट या दोन्हींच्या मधे घडते. जखमी, तरीही जिवंत असलेली पेशी बोंब मारते. पोटॅशियम कमी झालेलं कळताच तिच्या आतलं एक धोक्याचं यंत्र जुळून उभं राहतं आणि इंटरल्युकिन-1 नावाचा जहाल संदेश तयार करून बाहेर सोडतं. म्हणजे विष जितकं मारतं, त्याहून अधिक ते जागवतं.

झाडूवाल्या तंतूंवरही याच विषाचा घाव बसतो. त्यांची हालचाल मंदावते, मग थांबते. नालीचं तोंड सुजलेलं, झाडू बंद, आणि आत जंतू वाढताहेत.

मेलेल्या जंतूचीही दहशत

दुसऱ्या रहिवाशाची, हिमोफिलस इन्फ्लुएंझाची, गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नावात फ्लू आहे, पण फ्लूशी त्याचा संबंध नाही. 1892 मध्ये बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात तो पाहिला आणि हाच फ्लूचा जंतू असं जाहीर केलं. ते चुकलं, नाव मात्र राहिलं. त्याच सुमारास पटकीच्या जंतूंवर काम करताना याच फायफरना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती खरी ठरली. मेलेले, उष्णतेनं मारलेले जंतूही प्राण्याला आजारी पाडतात. विष जंतू बाहेर टाकत नाही, ते त्याच्या अंगाचाच भाग असतं. फायफरनी त्याला एंडोटॉक्सिन म्हटलं, म्हणजे अंतर्विष.

हिमोफिलसच्या बाहेरच्या आवरणात साखर आणि स्निग्ध पदार्थ जोडून बनलेले असे रेणू असतात. अमेरिकेत 1980 च्या दशकात संशोधकांनी चिंचिला या अँडीज पर्वतातल्या उंदराच्या कुळातल्या प्राण्याच्या मध्यकर्णात मेलेले हिमोफिलस सोडून पाहिले. एकही जंतू जिवंत नव्हता, तरी कानात पाणी साठलं आणि अस्तर सुजलं. पुढे मुलांच्या कानातल्या द्रवातही हे अंतर्विष सापडलं. त्यातल्या काही नमुन्यांत जिवंत जंतू वाढवून पाहिले तरी वाढले नव्हते. चोर केव्हाच मेलेला, पण त्याच्या अंगरख्याच्या चिंध्या घरभर पडलेल्या आणि कुत्री भुंकतच आहेत, असा हा प्रकार.

औषध सुरू केल्यावरही ठणका एक-दोन दिवस का राहतो, याचं एक कारण इथे मिळतं. जंतूंची भिंत फोडणारं प्रतिजैविक त्यांना मारतं खरं, पण फुटताना त्यांच्यातलं विष आणि चिंध्या मोकळ्या होतात. म्हणून पहिल्या दिवशी दुखणं थांबलं नाही तर औषध लागू पडत नाही असं समजून ते सोडू नये, आणि तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधीही सोडू नये.

दवंडी

आता पेशीच्या बाजूनं पाहू. मध्यकर्णाच्या अस्तरात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर पहारेकरी रेणू असतात. त्यांना टोल-लाईक रिसेप्टर म्हणतात. 'टोल' हा जर्मन शब्द, अर्थ 'अफलातून'. माशीच्या एका जनुकाला ते नाव आधी मिळालं आणि मग माणसातल्या भावंडांनाही चिकटलं. यांतला चौथ्या क्रमांकाचा पहारेकरी अंतर्विष ओळखतो. 1998 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी हे दाखवलं आणि 2011 चं नोबेल त्यांना ज्यूल्स हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांच्यासोबत मिळालं. दुसऱ्या क्रमांकाचा पहारेकरी जंतूंच्या आवरणातली स्निग्ध प्रथिनं ओळखतो. हिमोफिलसला कानात तोही पकडतो.

पहारेकऱ्यानं ओळख पटवली की निरोप पेशीच्या आत जातो. तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एका दुसऱ्या प्रथिनाच्या मिठीत बांधलेलं असतं. डॉ. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1986 मध्ये ते शोधलं. निरोप येताच मिठी सुटते, एनएफ-कप्पा-बी पेशीच्या केंद्रकात धावतं आणि सूज आणणारी शेकडो जनुकं चालू करतं.

त्यातून बाहेर पडतात ते सायटोकाईन. सायटोकाईन म्हणजे एका पेशीनं दुसऱ्या पेशींसाठी सोडलेला निरोप. गावात कोतवाल दवंडी पिटायचा तशी ही दवंडी. टीएनएफ नावाचा निरोप रक्तवाहिन्यांना सांगतो की रुंद व्हा, सांधे सैल करा. इंटरल्युकिन-1 मेंदूपर्यंत जातो आणि ताप चढवतो. इंटरल्युकिन-8 न्यूट्रोफिल नावाच्या शिपायांना बोलावतो. रक्तातून वाहत जाणारे हे शिपाई वाहिनीच्या कडेला अडखळतात, चिकटतात, आणि सैल झालेल्या सांध्यांतून अंग चोरत कानाच्या खोलीत उतरतात. त्यांच्यामागे रक्तातलं पाणीही झिरपतं. काही तासांत त्या अर्ध्या चमच्याच्या जागेत पाणी, जंतू, मेलेल्या पेशी आणि लाखो शिपाई कोंबलेले असतात. गोधडीवरचा पिवळा डाग म्हणजे मुख्यतः हेच, लढून मेलेले शिपाई.

आता कोडी सुटतात. खोली हाडात कोरलेली आहे. तिच्या भिंती ताणल्या जात नाहीत. ताणला जातो तो फक्त पडदा, आणि पडद्यात वेदनेच्या नसांचं दाट जाळं आहे. सुजेतली रसायनं त्या नसांना आणखी हळवं करतात. रात्री पोर आडवं होतं तेव्हा डोक्याकडच्या रक्तवाहिन्या जास्त भरतात आणि सूज वाढते. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून नळी उघडायची संधी कमी. शिवाय सूज आवरणारं शरीराचं स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. आई खांद्यावर घेऊन फिरते तेव्हा बरं वाटतं, कारण ती नकळत यातला एक दाब उतरवत असते.

आणि पहाटे? पडद्याचा मधला भाग ताणामुळे रक्तावाचून कोमेजतो आणि फाटतो. दाब सुटतो. ठणका दाबाचा होता, म्हणून तो थांबतो. आतली लढाई मात्र चालूच असते. "घाण निघून गेली" हे म्हणणं अर्धं खरं आहे. साठलेलं वाहून गेलं, जंतू आणि दवंडी आत राहिली.

*चौकट : घरच्यांनी लक्षात ठेवावं असं*

*कान दुखतो तेव्हा वजनाप्रमाणे दिलेलं पॅरासिटामॉल ठणका आणि ताप दोन्ही उतरवतं. बऱ्याच मुलांचा कान दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतो. पण दोन वर्षांखालचं मूल, खूप ताप, वाहता कान किंवा दोन दिवसांत न थांबलेला ठणका असेल तर दवाखाना गाठावा.*

*कानात तेल, लसूण, दूध, झाडपाल्याचा रस टाकू नये. पडदा फाटलेला असेल तर हे सगळं थेट मध्यकर्णात जातं. काडी, पिन, पीस घालू नये. दुकानातून स्वतःच्या मनानं थेंब आणू नयेत. काही थेंबांतलं औषध फाटक्या पडद्यातून आत गेलं तर ऐकण्याच्या नसेला अपाय करू शकतं.*

*कानामागे दुखरी सूज आणि कान पुढे ढकललेला, मान ताठ, सारखी उलटी, तोंड वाकडं, झटका किंवा सुस्ती : यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय.*

जाळरेषा ओलांडली की

गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. फाल्गुनात मोहफुलं पडायला लागली की झाडाखालचा पाचोळा काही जण पेटवून देतात, म्हणजे फुलं दिसतात आणि वेचायला सोपं जातं. वन विभाग उन्हाळ्याआधीच जाळरेषा आखतो. गवताचा एक पट्टा आपणहून, पाळत ठेवून जाळायचा, म्हणजे वणवा तिथे येऊन उपाशी मरतो. सूज ही शरीराची जाळरेषा आहे. थोडं आपलंच जाळून बाकीचं वाचवायचं. न्यूट्रोफिल जंतूंवर जी रसायनं ओततात ती आपल्या पेशींनाही भाजतात. मरताना काही शिपाई स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकतात आणि जंतूंना त्यात गुंतवतात, पण तेच जाळं कानातला द्रव घट्ट करतं.

बहुतेक वेळा आग आटोक्यात येते. त्यासाठीही निरोप असतात. इंटरल्युकिन-10 हा त्यांतला मोठा. तो दवंडी बंद करायला सांगतो. शिपाई मरतात, सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पाणी शोषलं जातं, आणि पडद्याचं भोक बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. ज्या मुलाला दर महिन्याला सर्दी होते, जे कुपोषित आहे, ज्याच्या घरात धूर आहे, त्याच्या बाबतीत आग विझायच्या आत पुढची ठिणगी पडते.

डिंक आणि शेवाळ

आग धुमसत राहिली तर अस्तर बदलायला लागतं. तंतूवाल्या पेशींच्या जागी चिकट द्रव बनवणाऱ्या पेशी वाढतात. न्युमोलायसिन आणि दवंडीचे निरोप, दोघंही त्यांना चिकटा जास्त बनवायचा हुकूम देतात. पाण्यासारखा द्रव हळूहळू धावड्याच्या डिंकासारखा होतो. ताप नाही, ठणका नाही, पू नाही. पोर दिसायला ठणठणीत. फक्त त्या डिंकात हातोडा, ऐरण आणि रिकीब रुतून बसतात.

या डिंकाची तपासणी केली तर जंतू बरेचदा उगवत नसत, म्हणून वर्षानुवर्षं तो निर्जंतुक समजला गेला. 2006 मध्ये अमेरिकेत कानाच्या पडद्यात नळी बसवण्यासाठी आणलेल्या मुलांच्या अस्तराचे तुकडे खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा 50 पैकी 46 तुकड्यांवर जंतूंची वस्ती सापडली. वैनगंगेतल्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो तशी. जंतू स्वतःभोवती चिकट पांघरूण विणून त्यात राहतात. पांघरुणात औषध नीट शिरत नाही, शिपायांना गिळता येत नाही, पण त्यातून विषाच्या चिंध्या मात्र झिरपत राहतात, आणि दवंडी मंद सुरात चालू राहते.

पडद्याचं भोक भरलंच नाही तर वेगळीच वाट लागते. नाल्यात डुंबताना, आंघोळ करताना बाहेरचं पाणी आत जातं. आता येणारे जंतू नाकामागचे नसतात. ओलाव्यात रमणारा स्यूडोमोनास येतो, कातडीवरचा स्टॅफिलोकोकस येतो. स्यूडोमोनासचं एक विष आपल्या पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. स्टॅफिलोकोकसचं विष सात कणांचं लहान कडं करून भोक पाडतं, तीच न्युमोकोकसची युक्ती, छोट्या मापात. आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-1 हे आपलेच निरोप हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लावतात. ऐरणीचा लांब, बारीक दांडा त्यांच्या तावडीत पहिला सापडतो. विष आणि सुजेची रसायनं आतल्या कानाच्या पडदेदार खिडकीतूनही पाझरतात. तिथल्या ऐकणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात वाहत्या कानाचं प्रमाण 4 टक्क्यांहून जास्त असलेल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात भारताचं नाव आहे. "मोठं झालं की आपोआप थांबेल" या वाक्यानं या देशात किती कान घालवले, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

शब्दांची टोकं

डिंकानं भरलेल्या कानाला साधारण 25 ते 30 डेसिबल कमी ऐकू येतं. कुजबूजही तेवढ्याच आवाजाची असते. म्हणजे मूल बहिरं नसतं. हाक मारली तर वळतं. कोंबडा आरवला तर ऐकतं. त्याला निसटतात ते हलके आवाज : स, श, फ, क, त. आणि मराठीत तर अर्थाचा भार शब्दाच्या टोकावर असतो. घरात, घरास, घराशी. टोक ऐकू आलं नाही तर तिन्ही नुसतं 'घरा'.

भामरागड किंवा एटापल्लीच्या ज्या मुलाच्या घरची भाषा माडिया आहे, ते आश्रमशाळेत येतं तेव्हा मराठी त्याच्यासाठी कानानंच शिकायची नवी भाषा असते. घरी बोलली जाणारी भाषा अर्धवट ऐकूनही मन ती पुरी करून घेतं. नवी भाषा तशी पुरी होत नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला "याचं डोकं चालत नाही" असा शिक्का बसतो, आणि त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना डिंक भरला आहे हे कुणी पाहतच नाही. शाळेत हे पाहायला लागतं तरी किती? मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, एक कान बोटानं झाकायचा, आणि कुजबुजत दोन-तीन शब्द बोलून ते त्याला परत म्हणायला सांगायचे. 2013 मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत कानाचा हा आजार आहे. त्यांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. पथकाची गाडी आली की कान वाहणारं किंवा शेवटच्या बाकावरचं मूल शिक्षकांनी स्वतः पुढे करावं.

न्युमोकोकसची लस महाराष्ट्रात 2021 पासून सरकारी लसीकरणात आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तिची वेळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली लस या जंतूच्या दहा प्रकारांवर चालते. प्रकार शंभराच्या आसपास आहेत, पण जास्त त्रास देणारे थोडे. न्युमोलायसिन मात्र जवळजवळ सगळ्या प्रकारांत सारखंच असतं, म्हणून दात काढलेल्या त्या विषाचीच लस करायचे प्रयत्नही झाले. मुलांच्या कानासाठी त्याला अजून यश आलेलं नाही.

आणि ज्या घरात कान आजच वाहतो आहे, तिथे डॉक्टर थेंब देतील, पण त्याआधीचं काम आईच्या हातचं आहे. जुन्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती धोतराचा तुकडा घ्यायचा आणि त्याची दिव्याच्या वातीसारखी मऊ, निमुळती वात वळायची. ती हळूच कानात ठेवायची, भिजली की काढायची, दुसरी ठेवायची. पहिली पिवळी येईल, तिसरी-चौथी ओलसर. वात कोरडी बाहेर येईपर्यंत, दिवसातून निदान तीनदा. थेंब टाकायचे ते त्यानंतर. पुवानं भरलेल्या कानात टाकलेला थेंब पुवावरच अडतो, आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही.